मनगटाचे दुखणे आणि माऊसची निवड

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या निबंधात एकदा तरी लिहिले असेल. मीही लिहिले आहे आणि त्याबद्दल चांगले गुणही मिळविले आहेत. परंतु संगणक चालविणारा हात दुखतो, हे मी त्या निबंधात लिहिले नव्हते, कारण तेव्हा ते मला ठाऊकच नव्हते. आता चांगले ठाऊक झाले आहे. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलेमुली सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात अर्धवेळ काम करून शिकतात. प्राध्यापक मंडळींनाही आता प्रवेशापासून गुणांपर्यंत सारे काही संगणकावर भरावे लागते. म्हणून वार्षिक अंकासाठी हा विषय निवडला. मी डॉक्टर नाही, विज्ञान शाखेचीही नाही. जे सोसले, जे वाचले आणि जे विचारून घेतले तेवढेच येथे मांडीत आहे. उणे-अधिक असल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

२०२४ च्या जुलै महिन्यात मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आणि त्याच महिन्यात सिरसाळ्यातील एका सेवा केंद्रात कामाला लागले. एकीकडे एक रुपयात पीक विम्याचे अर्ज, दुसरीकडे लाडकी बहीण योजनेची धावपळ. (एक रुपयाची ती विमा योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ मध्ये बंद झाली.) सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र हातात धरून माणसे पायरीपर्यंत उभी असत. दिवसा साईट अडके, म्हणून पुष्कळ अर्ज रात्री भरले जात. एकदा सहज मोजले, तर एका विमा अर्जाला मला साठ-पासष्ट वेळा माऊसचे बटण दाबावे लागत होते. असे दिवसाला तीस-चाळीस अर्ज. हिशेब वाचकांनीच करावा.

तिसऱ्या आठवड्यात उजवे मनगट ठणकू लागले. आधी वाटले, रात्री हातावर झोपले असेन. मग कोपरापर्यंत कळ जाऊ लागली. पुढे पुढे तर वर्गात टिपणे उतरवताना चार ओळींनंतर पेन खाली ठेवावे लागे. तेव्हा मात्र मी घाबरले. केंद्रातल्या कामावर माझी फी आणि बसचा पास चालतो, आणि तीन तासांचा पेपर याच हाताने लिहायचा असतो. हात थांबला तर दोन्ही थांबणार होते.

हात का दुखतो?

कामाने हात दुखणे हे संगणकाबरोबर आलेले नाही. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्याने कारकून आणि लेखनिक यांच्या दुखण्याविषयी लिहिले व त्याची तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन कारणे वाचून मला आमचे केंद्रच आठवले. आधारच्या बारा आकड्यांत एक आकडा चुकला तर कोणाचे तरी पैसे अडकतात. त्या धास्तीने आपण माऊस नुसता धरीत नाही, आवळतो.

आता मनगटाची रचना पाहू. मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांची एक पन्हळ तयार होते आणि तळहाताच्या बाजूने तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. अशा रीतीने एक अरुंद बोगदा बनतो. त्याला इंग्रजी वैद्यकात कार्पल टनेल म्हणतात. या बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ दोऱ्या (स्नायुबंध) आणि एक नस जाते. दोऱ्या सुजल्या किंवा मनगट बराच वेळ वर वा खाली मुडपलेले राहिले, की आतला दाब वाढतो आणि नस चेपते. या नसेकडे अंगठा, पहिले बोट, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना असते. करंगळी तिच्याकडे नाही. म्हणून नस चेपली की नेमक्या त्या साडेतीन बोटांना मुंग्या येतात आणि करंगळी मोकळी राहते. हे लक्षण फार उपयोगाचे आहे. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

परंतु मनगटाचे प्रत्येक दुखणे म्हणजे नस चेपणे नव्हे. पुष्कळदा नुसते स्नायू आणि स्नायुबंध थकलेले असतात. बटणावर बोट अधांतरी उचलून धरले की कोपराखालच्या, हाताच्या वरच्या बाजूच्या स्नायूंना एक क्षणही विसावा मिळत नाही. माझे दुखणे मुख्यतः या प्रकारचे निघाले.

माऊस आला कोठून?

माऊसची कल्पना डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाची. १९६४ च्या सुमारास त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळ्याचा होता; खाली दोन चाके आणि वर एकच बटण. मागे शेपटीसारखी वायर होती म्हणून त्याला उंदराचे नाव मिळाले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जाहीरपणे दाखविण्यात आला आणि १९७० मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

त्याआधी या मंडळींनी निरनिराळ्या साधनांची तुलना केली होती. प्रकाशाचे पेन, दांडी, इतकेच काय, गुडघ्याने चालविण्याचे साधनसुद्धा त्यांत होते. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस वेगवान ठरला, चुकाही कमी झाल्या. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती परीक्षा वेगाची आणि अचूकतेची होती. दिवसाचे दहा तास, महिनाभर तोच माऊस धरल्यावर मनगटाचे काय होते, ही ती परीक्षाच नव्हती. जे साधन कामाला उत्तम ते हातालाही उत्तम, असे समजण्याचे कारण नाही.

माऊसचा एक थोरला भाऊ आहे, तो म्हणजे ट्रॅकबॉल. यात साधन जागेवर राहते आणि वरचा गोळा फिरवायचा असतो. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी केलेल्या एका यंत्रात असा गोळा वापरला होता, आणि तो चक्क तेथल्या एका खेळातला चेंडू होता.

कोणाला कोणते साधन?

बाजारात आज अनेक तऱ्हा मिळतात. दुकानदार प्रत्येकीला ‘आरामदायी’ म्हणतो. परंतु कोणते साधन चांगले, हा प्रश्नच अपुरा आहे. आपले दुखते कोठे, हे आधी पाहावे. कारण प्रत्येक साधन एका जागेचा भार काढून दुसऱ्या जागेवर टाकते. भार नाहीसा करणारे साधन अजून निघालेले नाही.

साधा माऊस. यात तळहात जमिनीकडे असतो, म्हणजे कोपराखालची दोन हाडे एकमेकांवर आडवी येतात. साधा माऊस वाईटच असे नाही, पण तो हाताच्या मापाचा हवा. लॅपटॉपबरोबर घेतलेला चिमुकला माऊस मोठ्या हाताच्या माणसाने चिमटीत धरला की बोटे आखडतात. चप्पल आपण पायाला लावून पाहून घेतो, तसाच माऊस हाताला लावून पाहून घ्यावा. बटण हलके दाबले जाते की नाही, तेही तपासावे.

उभा माऊस. हा रामराम झाल्यावर हस्तांदोलन करावे तसा धरायचा असतो. कोपराखालची हाडे सरळ राहतात. ज्यांची कळ मनगटापासून वर कोपराकडे जाते त्यांना याने बरे वाटण्याचा संभव असतो. सुरुवातीचे काही दिवस बारीक चौकोनावर नेम बसत नाही, म्हणून गर्दीच्या दिवसांत तो सुरू करू नये.

ट्रॅकबॉल. यात हात हलवावा लागत नाही, म्हणून खांदा आणि कोपर यांना सुटका मिळते. टेबलावर जागाही कमी लागते. मात्र काही ट्रॅकबॉल अंगठ्याने फिरवायचे असतात. ज्यांचे अंगठ्याच्या मुळाशी दुखते त्यांनी ते घेऊ नयेत. त्यांच्यासाठी मधल्या बोटांनी फिरवायचा मोठा गोळा बरा. रोज मोबाईलवर अंगठा चालविणाऱ्या आपणा सर्वांना हा इशारा लागू आहे.

टचपॅड. यात काही आवळून धरावे लागत नाही, हा गुण. परंतु वस्तू धरून ओढण्याचे काम त्यावर कष्टाचे होते आणि बोटे आखडून ठेवण्याची सवय लागते. बटण दाबण्याऐवजी नुसती टिचकी मारावी.

पेन आणि पाटी. चित्रकामासाठी ही चांगली असते. आपण कलाशाखेची मुले आधीच दिवसभर पेन धरतो. त्याच पकडीचे आणखी काम हाताला लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

डावा हात. याला एक पैसा लागत नाही. साधा, दोन्हीकडून सारखा माऊस डावीकडे ठेवावा आणि संगणकात उजव्या-डाव्या बटणांची अदलाबदल करून घ्यावी. आणखी एक लाभ असा की कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांच्या कळा असतात. त्यांच्या पलीकडे माऊस ठेवल्याने उजवा खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. डावीकडे तसे होत नाही. पहिले चार दिवस मला माझेच हसू आले. दोन आठवड्यांत हात बसला. मात्र दुखणारा हात वाचविण्याच्या नादात सगळे ओझे दुसऱ्यावर टाकू नये, आळीपाळीने वापरावेत.

साधनावर किती भरवसा ठेवावा?

येथे मी माझी फजिती सांगते. पहिल्यांदा दुखले तेव्हा मी पगारातून पैसे वाचवून एक उभा माऊस आणला. आता हात बरा होणार, अशी माझी खात्री होती. आठ दिवसांनी मनगटाला थोडे बरे वाटले, पण अंगठा दुखू लागला. कारण नव्या माऊसलाही मी जुन्यासारखेच आवळून धरीत होते.

पुढे वाचनात आले की माझा अनुभव जगावेगळा नव्हता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मनगटातील त्या बोगद्याचा दाब प्रत्यक्ष मोजला होता. हात माऊसवर नुसता ठेवला असता जो दाब होता, तो काम करताना, विशेषतः वस्तू धरून ओढताना, बराच वाढला. माऊसचा आकार बदलल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. २०१५ च्या दुसऱ्या एका संशोधनात नस चेपलेल्या रुग्णांना उभा माऊस आणि खास गाद्या देऊन पाहिले. मनगटाची ठेवण बदलली, परंतु आतला दाब कमी झाला नाही. डेन्मार्कमध्ये हजारो संगणक कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत आठवड्याला वीस तासांहून अधिक माऊस चालविणाऱ्यांत नस चेपल्याची लक्षणे काहीशी जास्त दिसली, पण कीबोर्डचा तसा दोष आढळला नाही.

यावरून मी असा निष्कर्ष काढला : साधन बदलावे, पण त्याआधी माऊसचे कामच कमी करावे. अर्जातील एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी टॅब ही कळ आहे. उलट यायचे तर शिफ्ट आणि टॅब. चौकोनात खूण करण्यासाठी स्पेस. नक्कल करण्यासाठी कंट्रोल-सी, चिकटविण्यासाठी कंट्रोल-व्ही. एका खिडकीतून दुसरीत जाण्यासाठी ऑल्ट-टॅब. विंडोज संगणकात तर डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम-लॉक या तीन कळा एकदम दाबून आकड्यांच्या कळांनीच बाण हलविता येतो. या सवयी लावल्यावर माझ्या एका अर्जातले साठ-पासष्ट दाब वीस-पंचविसावर आले. जे काम कोणत्याही महाग माऊसने केले नसते, ते एका टॅबने केले.

दुसरे म्हणजे बैठक. आमच्या केंद्रातील टेबल गिऱ्हाइकाच्या सोयीने उंच केलेले आणि खुर्ची प्लास्टिकची, बुटकी. त्यामुळे कोपर खाली आणि मनगट वर मुडपलेले, शिवाय टेबलाची धार मनगटात रुतलेली. उपाय साधाच निघाला. खुर्चीवर घडी केलेली जुनी गोधडी, पायाखाली दोन विटा. कोपर टेबलाच्या उंचीला आले, मनगट सरळ झाले. बाणाचा वेग संगणकात थोडा वाढवून घेतला, म्हणजे हात कमी सरकवावा लागतो. हात मनगटावर टेकवून पंख्यासारखा हलवू नये, कोपरापासून हलवावा. आणि दर अर्जानंतर, पावतीची प्रत निघते तेवढा वेळ, माऊसवरून हात उचलून मांडीवर सैल ठेवावा. गर्दीतही तेवढा वेळ मिळतोच.

माय

ही फजिती चालू असताना एका रात्री मी मनगटाला तेल लावीत बसले होते. माय म्हणाली, “काय झालं गं हाताला?” मी माऊसचे सांगितले. तिने तो नवा माऊस हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, “बाई, कोयता जड हाय म्हून हात दुखत नस्तो. आवळून धरला म्हून दुखतो. नव्या माणसाचा हात पयल्या आठ दिवसात जातो, त्याचं कारण हेच.”

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला गाडी भरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. नवराबायकोच्या जोडीला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात, हे सिरसाळ्याच्या वाचकांना सांगायला नको. माणसांची गणतीच हत्याराच्या नावाने होते. मी आजीजवळ राहिले म्हणून शिकू शकले. माय सांगत होती की कोयत्याची मूठ बारीक असली की ती चिंधी गुंडाळून जाड करते, म्हणजे बोटे कमी आवळावी लागतात. माऊस हाताच्या मापाचा असावा, हे मी पुस्तकी भाषेत वर लिहिले आहे. तिला ते माझ्याआधी वीस वर्षे माहीत होते.

मग बोलता बोलता ती म्हणाली, “माझा तर रातचा हातच झोपतो. उठून झटकावा लागतो.” मी विचारले, कोणती बोटे? तिने अंगठा आणि शेजारची दोन बोटे दाखविली. करंगळी? “तिला काय होत न्हाई.”

मी वर लिहिलेली ती साडेतीन बोटे! रात्री मुंग्या येऊन जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, हातातून भांडे सुटणे ही नस चेपल्याची नेहमीची लक्षणे आहेत, हे मी स्वतःच्या दुखण्यासाठी वाचले होते. ती माझ्यात नव्हती. माझ्या मायमध्ये कित्येक वर्षे होती आणि घरात कोणी विचारलेही नव्हते. पुढे असेही कळले की जोर लावून पकडण्याचे आणि तेच तेच काम करणाऱ्यांना हा आजार माऊसवाल्यांपेक्षा अधिक होतो. स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा जास्त होतो. मधुमेह आणि थायरॉईडच्या विकारातही होतो.

मायला आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी तपासून नस चेपल्याचेच सांगितले. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा आणि हाताला विश्रांती द्यावी, त्याने भागले नाही तर लहानशी शस्त्रक्रिया करून तो जाड पट्टा मोकळा करतात, असे समजावले. फार दिवस दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग झिजतो आणि पकड जाते, हेही सांगितले.

रात्रीचा पट्टा मायने लगेच बांधला. विश्रांतीचे मात्र जमले नाही. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. यंदाही दसऱ्यानंतर ती गेली. पट्टा गाठोड्यात घालून घेऊन गेली. फोनवर मी रोज विचारते, “बांधलास का?” ती म्हणते, “बांधला.” हंगाम संपून परतल्यावर पुन्हा अंबाजोगाईला जायचे आणि पुढचे ठरवायचे, असे अण्णांनी कबूल केले आहे. तोपर्यंत केंद्रातला माझा पगार मी त्यासाठी बाजूला ठेवीत आहे.

माझा हात आता पुष्कळ बरा आहे. मागच्या सत्राचे पेपर मी पूर्ण लिहिले. तो उभा माऊस मी केंद्रातल्या दुसऱ्या मुलीला दिला. तिचे कोपराकडे दुखत होते, तिला तो मानवला. मी स्वतः साधाच, पण थोडा मोठा माऊस डाव्या हाताने वापरते.

माझ्या वर्गबंधू-भगिनींना एवढेच सुचविते की हात दुखू लागला तर लाजू नये आणि लपवू नये. आधी बैठक सुधारावी, मग कळांची सवय लावावी, मग दुखण्याची जागा पाहून साधन निवडावे. आणि रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर कोणतेही साधन विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे. शेवटची विनंती अशी की आज घरी गेल्यावर आपल्या आईला, काकूला, आजीला एक प्रश्न विचारावा : रात्री हात झोपतो का, आणि कोणती बोटे? त्यांना कोणी विचारलेले नसते.